बोटावरचा ऑक्सिमीटर: टाळेबंदीपासून आजपर्यंतच्या वापराचा अभिप्राय

हा अभिप्राय बोटाला चिमट्यासारखा लावायच्या, रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या साध्या ऑक्सिमीटरविषयी आहे. कोविडच्या साथीत, २०२० सालच्या टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात आम्ही तो वडिलांसाठी घेतला, पण पुढची दोन वर्षे तो आमच्या घरात सलग आठवडाभरही राहिला नाही. दुकानांतून ऑक्सिमीटर मिळेनासे झाले, तेव्हा इमारतीतल्या अकरा घरांत मिळून हे एकच यंत्र होते आणि ते कोणाकडे आहे हे कळावे म्हणून मी त्याच्याबरोबर एक वही ठेवली. त्या वहीत तारीख, वेळ, ऑक्सिजनचा आकडा आणि नाडीचा आकडा लिहायचा, एवढाच नियम होता. लोकांनी मात्र कडेला जागा दिसली तिथे आणखीही पुष्कळ लिहिले. यंत्राविषयी माझे जे मत झाले, त्याचा बराचसा आधार ही वही आहे. यंत्र कोणत्या कंपनीचे, हे मी मुद्दाम सांगत नाही. या वर्गातली बहुतेक यंत्रे आतून एकाच पद्धतीने चालतात आणि मला बोलायचे आहे ते त्या पद्धतीविषयी व ती हाताळणाऱ्या माणसांविषयी.

पद्धत समजून घेतली तर यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही आपोआप उलगडतात, म्हणून आधी तेवढे सांगते. चिमट्याच्या एका जबड्यातून दोन प्रकारचा प्रकाश बोटात सोडला जातो, एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा घटक; ऑक्सिजन धरून ठेवलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते. समोरच्या जबड्यातला संवेदक पलीकडे किती प्रकाश पोहोचला ते मोजतो. अडचण अशी की प्रकाश केवळ रक्तच शोषत नाही; कातडी, हाड, नखही शोषतात. त्यातून धमनीतले रक्त वेगळे कसे काढायचे, याचे उत्तर जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडले. हृदयातून किती रक्त बाहेर पडते ते मोजण्याच्या दुसऱ्याच प्रयोगात नाडीच्या ठोक्यांमुळे मोजमाप हलत होते, आणि ती हालचाल पुसून टाकण्याचा प्रयत्न करताना त्यांच्या लक्षात आले की ठोक्यागणिक कमीजास्त होणारा भाग तेवढा धमनीतल्या रक्ताचा आहे. जो अडथळा वाटत होता त्याचाच त्यांनी उपयोग केला. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी गेले. त्याच आठवड्यांत जगभरची सामान्य माणसे त्यांचे यंत्र पहिल्यांदा स्वतःच्या बोटाला लावत होती. हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यावर वहीच्या पहिल्या पानावर मी त्यांचे नाव लिहून ठेवले.

या आजारात त्या आकड्याला एवढे महत्त्व का आले, तेही आम्हाला अनुभवातूनच कळले. एरवी छातीत गंभीर बिघाड झाला की माणसाला दम लागतो आणि तो स्वतःच डॉक्टरांकडे धाव घेतो. या आजारात अनेक रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन बराच खाली येऊनही त्यांना दम लागल्यासारखे वाटत नव्हते. माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच घडले. तापाच्या सहाव्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, बोलणे नेहमीसारखे होते, आणि चिमट्याने ९१ दाखवले. आदल्या रात्री ९५ होते. हात चोळून ऊब आणली, बोट बदलले, पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहिले. आकडा ९१ आणि ९२ यांच्यामध्येच राहिला. रक्तातल्या ऑक्सिजनचा उतार सरळ नसतो, हे मला त्या दिवशी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या परिचारिका ताईंनी फोनवर समजावले. ९० च्या वरपर्यंत शरीर बरेच सावरून धरते आणि त्याखाली घसरण एकदम वेगाने होऊ लागते, त्यामुळे ९१ म्हणजे ९५ पेक्षा फक्त चार कमी असा हिशेब करू नये, हे त्यांचे शब्द मी त्या तारखेपुढे लिहिलेले आहेत.

त्यांना फोन लागायच्या आधीचा एक तास कसा गेला, तो या अभिप्रायाचा कणा आहे. विलगीकरणात असलेल्यांसाठी मदतीचा जो दूरध्वनी क्रमांक दिलेला होता, त्यावर मी अकरा वेळा फोन केला. सात वेळा तो व्यस्त होता, तीन वेळा नुसता वाजत राहिला आणि एकदा उचलला गेला तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने नाव, वय, पत्ता लिहून घेऊन ‘कळवतो’ म्हटले. तिच्यापुढे किती नावांची यादी असेल याची कल्पना मला आज आहे, आणि तिला दोष देण्याची माझी इच्छा नाही. पण तेव्हा माझ्या हातात एक अचूक, मोजलेला, दोनदा पडताळलेला आकडा होता आणि तो ऐकून घेणारे कोणी नव्हते. यंत्राने आपले काम केले होते. आकडा मिळाल्यावर पुढे काय करायचे, हे त्याच्या खोक्यावर लिहिलेले नव्हते, आणि ते लिहिणे हे त्याचे काम नव्हतेही. परिचारिका ताई रात्रपाळी करून आल्या होत्या आणि झोपल्या होत्या. त्यांच्या मुलीने त्यांना उठवले. त्यांनी कुठे न्यायचे, वाटेत कसे बसवायचे आणि तिथे पोचल्यावर पहिले वाक्य कोणते सांगायचे हे चार मिनिटांत सांगितले. ते पहिले वाक्य असे होते: ‘काल रात्री ९५, आज सकाळी ९१, पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहिले.’ वडील नऊ दिवसांनी घरी आले.

वडील घरी परतल्यानंतर यंत्र इमारतीत फिरू लागले, आणि त्याचे दोषही तेव्हाच एकेक करून पुढे आले. पहिला दोष पडद्याचा आहे आणि मी तो गंभीर मानते. स्वस्त प्रकारच्या यंत्रांत पडदा एकाच दिशेने वाचता येतो. चिमटा लावलेले बोट आपल्याकडे वळवले की आकडे उलटे दिसतात. ते इंग्रजी असतात आणि आडव्या-उभ्या रेघांनी बनलेले असतात, त्यामुळे उलटा केलेला ९ हा ६ दिसतो आणि ८ हा ८ च राहतो. म्हणजे ९८ हा आकडा उलट्या बाजूने ८६ वाचला जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी रात्री दोन वाजता एकट्याने असेच ८६ वाचले, आणि सर्वांना उठवायला नको म्हणून पहाटेपर्यंत तसेच बसून राहिले. सकाळी मी गेले तेव्हा ९८ होते. भीतीने रात्रभर जागे राहण्यात त्यांचे जे हाल झाले, त्याची नोंद वहीत त्यांच्याच अक्षरात आहे. आकड्यांची दिशा बदलणारे बटण असलेली यंत्रे मिळतात, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर मी तेवढ्या एका कारणासाठी तीच घ्यायला सांगेन. आमच्या यंत्रावर मी शेवटी नेलपॉलिशने एक बाण काढला: हा बाण नखाच्या टोकाकडे.

दुसरा घोळ दोन आकड्यांचा. पडद्यावर ऑक्सिजनची टक्केवारी आणि नाडीचे ठोके शेजारीशेजारी दिसतात, दोन्ही पुष्कळदा ऐंशी-नव्वदच्या घरात असतात, आणि कोणता कशाचा हे सांगणारी अक्षरे मुंगीएवढी असतात. वहीच्या पहिल्या दोन महिन्यांत निदान सहा नोंदी उलटसुलट झालेल्या आहेत. एका बाईंनी स्वतःचा ऑक्सिजन ७४ आणि नाडी ९७ लिहून शांतपणे यंत्र परत केले होते. मी धावत त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यानंतर आकड्यांच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवून ‘ऑक्सिजन’ आणि ‘नाडी’ असे आपल्या लिपीत लिहिले. माहितीपत्रक आपल्या भाषेत नव्हते, आणि जे होते ते भिंगाशिवाय वाचता येत नव्हते. घराघरांत, रात्री-अपरात्री, घाबरलेल्या माणसाने वापरायच्या वस्तूवर तिच्या दोन आकड्यांची नावे मोठ्या अक्षरांत, त्या माणसाला वाचता येईल अशा लिपीत असायला हवीत. हे मला आजही तितक्याच कळकळीने सांगावेसे वाटते.

बाकीच्या मर्यादा यंत्राच्या पद्धतीतूनच येतात. बोट गार असेल तर त्यात रक्त कमी फिरते आणि आकडा खाली दिसतो किंवा येतच नाही. गडद नेलपॉलिश प्रकाश अडवते. हात हलला की ठोका ओळखण्यात चूक होते. चिमटा लावल्याबरोबर पहिला जो आकडा चमकतो तो धरायचा नाही. हात छातीच्या उंचीवर टेकवून निदान अर्धा मिनिट, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे असते. धुरात कोंडलेल्या माणसावर तर या यंत्राचा भरवसाच ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखेच दिसते आणि आकडा उगाच चांगला येतो. तसेच रक्तातले हिमोग्लोबिनच कमी असेल तर उरलेले भरलेले आहे एवढेच टक्केवारी सांगते, एकूण ऑक्सिजन कमी पडतो आहे हे सांगत नाही. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन मोजून देण्याचा दावा करणारी ॲपही त्या काळात पसरली होती. आमच्या इमारतीतल्या दोन तरुणांनी ती चालवून पाहिली. यंत्र ९६ दाखवत असताना एका ॲपने ९९ आणि दुसऱ्याने ८८ सांगितले. तो प्रकार तिथेच थांबवला.

अचूकतेविषयी जरा सविस्तर लिहायला हवे. चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकात ७० ते १०० टक्के या पट्ट्यात अधिक-उणे २ असा फरक मान्य केलेला असतो. म्हणजे पडद्यावरचा ९४ हा प्रत्यक्षात ९२ असू शकतो किंवा ९६. पण या दोनाच्या फरकाखाली एक मोठा फरक दडलेला होता आणि तो महामारीतच चव्हाट्यावर आला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सिमीटरचे आकडे आणि धमनीतले रक्त काढून केलेली तपासणी यांची तुलना केली होती. यंत्राने ९२ ते ९६ दाखवलेले असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. कातडीतला रंग प्रकाश शोषतो, एवढी साधी ही बाब आहे. तिथल्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या मर्यादेविषयी जाहीर सूचना काढली. सावळ्या माणसाच्या बोटावर यंत्र खरे त्याहून चांगले चित्र दाखवू शकते, ही गोष्ट विकणाऱ्याने, लिहून देणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने माहीत करून घेतलीच पाहिजे. आम्ही वहीत त्यानंतर एक रकाना वाढवला: या माणसाचा बरा असतानाचा आकडा. ज्याचा एरवीचा आकडा ९९ असतो त्याचे ९५ आणि ज्याचा एरवीचा आकडा ९६ असतो त्याचे ९५, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा, त्याच बोटावरचा, दिवसामागून दिवस लिहिलेला आकडा कितीतरी अधिक खरा असतो.

अधिक-उणे दोनाच्या त्या छापील ओळीवरून इमारतीत एकदा मोठी चर्चा झाली, आणि ती यंत्रापुरती राहिली नाही. जिन्यात, अंतर ठेवून, प्रत्येक जण आपापल्या पायरीवर उभा होता. निवृत्त शिक्षकांचे म्हणणे होते की संकटात सूचना आली की ती पाळावी, प्रश्न विचारण्याची ती वेळ नसते. सगळे जण विचार करत बसले तर साथ थांबत नाही. मालवाहू गाडी चालवणारे दादा, ज्यांना टाळेबंदीतही बाहेर जावेच लागत होते, ते म्हणाले की सूचना पाळायला आमची ना नाही, पण आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही हे सूचना देणाऱ्याने सांगावे. हे एवढेसे यंत्रसुद्धा आपली चूक दोनापर्यंत असू शकते असे खोक्यावर लिहून देते. त्यांचे बोलणे मला तेव्हाही पटले होते आणि आज अधिक पटते. मास्कविषयीचा सल्ला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. निरोगी माणसाला त्याची गरज नाही असे आधी ऐकवले गेले आणि ५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने संसर्ग पसरलेल्या भागात, अंतर राखणे अवघड असेल तिथे, सर्वसामान्य लोकांनी कापडी मास्क वापरावा असा सल्ला दिला. बदलाबद्दल जिन्यात कोणाची तक्रार नव्हती. नवे कळले की सल्ला बदलणारच. तक्रार होती ती आधीच्या सल्ल्यात ‘आजच्या माहितीप्रमाणे’ हे दोन शब्द नव्हते याची. ते असते तर दुसऱ्या सल्ल्यावर अविश्वास दाखवणाऱ्यांची तोंडे बंद करायला आम्हाला सोपे गेले असते, असे शिक्षकांनीही शेवटी मान्य केले.

तळमजल्यावर दोन खोल्यांत सहा माणसे राहत होती. त्यांच्या घरातल्या आजी खोकू लागल्या तेव्हा यंत्र तिथे आठ दिवस होते. ‘रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवा, स्वतंत्र प्रसाधनगृह वापरू द्या’ ही सूचना त्यांच्या सूनबाईंनी मला वाचून दाखवली आणि विचारले, ‘ताई, ही कोणासाठी लिहिली आहे?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगातली जवळजवळ निम्मी माणसे कोणत्या ना कोणत्या बंधनाखाली घरात होती, आणि त्या सगळ्यांचे घर एकसारखे आहे असे धरून लिहिलेल्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचत होत्या. आम्ही मग आजींची खाट खिडकीखाली हलवली, दार आणि खिडकी समोरासमोर उघडी ठेवली, मुलांना शेजारच्या घरात झोपवले आणि दर चार तासांनी आजींचा आकडा दारातून ऐकून वहीत लिहिला. आजींनी सुरुवातीला बोट द्यायलाच नकार दिला होता. आकडा कमी आला तर आपल्याला घेऊन जातील आणि मग कोणी भेटणार नाही, ही त्यांची भीती होती. ती भीती खरी होती आणि तिच्यावर यंत्राकडे उत्तर नव्हते. परिचारिका ताईंनी त्यांना शब्द दिला की न्यावे लागलेच तर त्या स्वतः रोज फोनवर बोलणे करून देतील. तेव्हा आजींनी हात पुढे केला. त्यांचा आकडा ९४ च्या खाली गेला नाही.

याच परिचारिका ताईंना टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात जिन्यात पाहून काही जणांनी दारे लावून घेतली होती. हे आमच्या इमारतीच्या वाट्याचे आहे आणि ते लिहिल्याशिवाय हा अभिप्राय प्रामाणिक होणार नाही. त्या दर आठवड्याला यंत्राचे सेल तपासत, रबराची गादी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला शिकवत, आणि ज्यांनी दार लावले होते त्यांच्या घरचे आकडेही त्यांनी तितक्याच काळजीने ऐकले.

घरी ऑक्सिमीटर ठेवल्याने खरोखर फायदा होतो का, याचा अभ्यासही झाला आहे, आणि त्याचा निष्कर्ष यंत्र विकत घेण्याआधी प्रत्येकाने लक्षात घ्यावा असा आहे. जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, गंभीर होण्याचा धोका असलेल्या आणि घरी राहणाऱ्या रुग्णांवर ऑक्सिमीटरने लक्ष ठेवावे, पण ते समज देऊन आणि वैद्यकीय पाठपुराव्यासह, अशी शिफारस केली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने घरी यंत्र देण्याची योजना राबवली आणि तिच्या सूचना अगदी स्पष्ट होत्या: ९५ आणि वर असेल तर ठीक, ९३ किंवा ९४ आले तर पुन्हा मोजून डॉक्टरांशी बोला, ९२ किंवा त्याखाली आले तर लगेच रुग्णालय गाठा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मात्र २,०९७ रुग्णांची एक चाचणी झाली आणि तिचा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सर्व रुग्णांना रोज दोनदा फोनवर संदेश पाठवून दम लागतो आहे का असे विचारले जात होते आणि गरज पडली तर परिचारिका त्यांना फोन करत होत्या. त्यातल्या काहींना याशिवाय ऑक्सिमीटर दिला होता. महिन्याच्या शेवटी दोन्ही गटांत जिवंत आणि रुग्णालयाबाहेर राहिलेल्या दिवसांत फरक आढळला नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाईट वाटले, कारण वडिलांचे ९१ मी या डोळ्यांनी पाहिले होते. नंतर मी तो पुन्हा नीट वाचला. तिथे यंत्र नसलेल्या माणसालाही दिवसातून दोनदा कोणीतरी विचारत होते आणि त्याने ‘हो’ म्हटले की माणसाचा आवाज ऐकू येत होता. आमच्याकडे अकरा वेळा फोन करूनही तो आवाज आला नव्हता आणि शेवटी आला तो वरच्या मजल्यावरून. ज्याला विचारणारे कोणी आहे त्याला यंत्राची फारशी गरज नाही, आणि ज्याला कोणीच विचारत नाही त्याच्या हाती यंत्राने दिलेला आकडा एकटा पडतो. वहीतल्या अकरा घरांपैकी नऊ घरांनी मी विचारले तेव्हा हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितले. पुढच्या वेळी काय हवे, असा प्रश्न होता. कोणीही कमी कडक किंवा अधिक कडक टाळेबंदी मागितली नाही. किती दिवस आणि कशासाठी हे आधी सांगा, रोज कमावणाऱ्याच्या घरात त्या दिवसांत काय शिजणार ते ठरवून मग दार बंद करायला सांगा, आणि फोन लावला तर उचला, एवढीच मागणी होती. शाळेत जाणारी मुले असलेल्या दोन घरांनी शाळांचे लिहिले. एप्रिल २०२० मध्ये जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या. बंद करताना एका दिवसात निर्णय झाला आणि उघडताना मुलांना शेवटी आठवले गेले, असे एका आईने वहीत लिहिले आहे.

आता यंत्र घ्यावे की नाही, याविषयी. घरात फुफ्फुसांचा किंवा हृदयाचा जुना आजार असलेले माणूस असेल, आणि आकडा कोणाला सांगायचा हे ठरलेले असेल, तर जरूर घ्यावे. वैद्यकीय वापरासाठी मान्यता असलेलेच घ्यावे. व्यायामाच्या किंवा खेळाच्या वापरासाठी म्हणून विकली जाणारी यंत्रे दिसायला तशीच असतात, पण त्यांची अचूकता त्या कसोटीवर तपासलेली असेलच असे नाही. विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी मनगटावरची नाडी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावी आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावी. नाडीच चुकत असेल तर ऑक्सिजनवर विश्वास ठेवू नये. जमल्यास दवाखान्यातल्या यंत्राशेजारी आपले यंत्र लावून पाहावे. पेन्सिल अडकवून आकडा येतो का पाहण्याच्या चित्रफिती फिरत होत्या. त्या तपासणीने यंत्र चांगले की वाईट हे ठरत नाही. धडधाकट माणसांच्या घरात, नुसत्या धास्तीपोटी, दिवसातून दहा वेळा बोट घालण्यासाठी ते घेऊ नये. आमच्या वहीत असे एक घर आहे आणि त्यांच्या नोंदींवरून त्यांच्या प्रकृतीपेक्षा त्यांच्या झोपेचीच काळजी वाटते.

टिकाऊपणाची माझी काही तक्रार नाही. इतक्या वर्षांत स्प्रिंग सैल झालेली नाही, रबराची गादी एका कोपऱ्यात उचलली गेली ती चिकटवून घेतली. न वापरता ठेवताना सेल काढून ठेवावे लागतात. एकदा ते आतच राहिले आणि पाझरले, तेव्हा टोके खरवडून साफ करावी लागली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्या दिवशी यंत्र तळमजल्यावरून माझ्याकडे परत आले आणि तेव्हापासून ते वहीसह पत्र्याच्या डब्यात आहे. महिन्यातून एकदा सेल घालून मी वडिलांचा आकडा घेते. डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर आकडा कमी आला तर कोणाला फोन करायचा ते क्रमाने लिहिले आहे. परिचारिका ताईंनी गेल्या महिन्यात घर बदलले. त्यांनी नवा क्रमांक पाठवला आणि वर लिहिले की रात्रीही लावा. मी चिठ्ठी नवी करून लावली आहे.